कुंभारीण माशी नसलेल्या गावात

हर्णैला परत येऊन तीन आठवडे झाले. बंदरावर जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काकू, लंडन बघितलंत?" नाही बघितलं. मुलगी ब्रॅकनेलला असते, तिथून लंडन ट्रेनने तासाभरावर. पण एकदा पाऊस, एकदा तिची मीटिंग, एकदा माझे गुडघे. राहिलं ते राहिलंच. मी बघितलं ते वेल्समधलं एक थंडगार गाव आणि त्यातली एक पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये मी जो प्रताप केला तो कुणाला सांगणार नव्हते. पण आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. अर्ध्या बंदराला कळलंच आहे, तर म्हटलं उरलेल्यांना मीच नीट सांगते, उगाच तिखटमीठ नको.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नवऱ्याबरोबर छत्तीस वर्षं मी होड्यांची मशीनं दुरुस्त करतेय. होडीच्या मागे लटकवतात ते आउटबोर्ड, वर डोकं, खाली लांब पाय आणि पायाला पंखा. सुरुवातीला गिऱ्हाईक मला बघून विचारायचं, "मालक कुठायत?" आता मालकांना बघून विचारतात, "काकू कुठायत?" हे मी तिकडे सगळ्यांना सांगत सुटले होते, विमानात शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, चौदा वर्षांनी मोठा. मी चौथीत होते तेव्हा तो डॉक्टर होऊन विलायतेला गेला. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात जन्म काढला आणि आता कॉव्हेंट्रीत राहतो. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. तेव्हापासून त्याला घराबाहेर काढणारी एकच गोष्ट उरलीय, वेल्समधल्या बारमथ गावच्या खाडीत ठेवलेली त्याची छोटी होडी. तिच्यावर देवनागरीत 'हर्णै' असं लिहिलंय. तिथल्या लोकांना वाटतं ती नक्षी आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या होडीच्या मशीनमध्ये पाणी राहिलं, गोठलं आणि मशीन फुटलं. दादा म्हणाला, मी पाणी काढलं होतं. त्याचा मुलगा निखिल म्हणाला, नाही काढलं, तू विसरलास. दुसरं मशीन आणलं, पण निखिलने बजावून ठेवलं होतं. मला फोनवर त्याने सगळं सांगितलं, त्याच्या त्या मराठीत: "आत्या, बाबा एकटा आहे, he forgets things. एकदा विसरणं is fine. पण ह्या वर्षी परत झाला ना, तर बोट विकणार, कार पण बंद, आणि मी त्याला मेमरी क्लिनिकला नेणार." मी म्हटलं, "बाळा, ह्या हिवाळ्यासाठी मशीन बंद करायला मी जातेय ना त्याच्याबरोबर. छत्तीस वर्षं मी हेच करतेय." तो म्हणाला, "ओके आत्या, तू आहेस तर मला टेन्शन नाही."

गुरुवार

कॉव्हेंट्रीहून दादाने स्वतः गाडी चालवत नेलं. चार तासांचं काय सांगू, मी झोपले. जाग आली ती डोंगरात. उघडेबोडके डोंगर, माथ्यावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा बर्फ, उतारावर मेंढ्या. आणि मग एकदम खाडी. आमच्या दाभोळच्या खाडीसारखीच रुंद, ओहोटीला वाळूचे पट्टे उघडे पडलेले, फक्त माड नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दादा म्हणाला, "म्हणूनच घेतली होडी इथे. तुझ्या वहिनीला नेहमी सांगायचो, डोळे किलकिले कर, हर्णै दिसेल."

राहायला ग्वेनबाईंकडे. दोन खोल्या भाड्याने देतात, मागच्या अंगणात शेड आहे ती दादाने कायमची घेतलीय. त्यांचे यजमान ह्यू गावातल्या होड्यांची मशीनं बघतात, म्हणजे आमच्याच धंद्यातले. नवराबायको आपापसात त्यांच्या वेल्श भाषेत बोलतात, आपण समोर आलो की इंग्रजीत. मला फार आवडलं ते. आपल्याकडे लोक उलटं करतात.

भरती चढल्यावर ह्यूने ट्रॅक्टरने होडी वर ओढली. मशीन शेडमध्ये नेऊन दादाने लाकडी घोड्यावर उभं अडकवलं, खाली गोड्या पाण्याचं पिंप लावलं आणि दहा मिनिटं चालवलं. मग पेट्रोलचा नळ बंद करून आतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू दिलं, प्लग काढून तेल मारलं, खालच्या गियरचं तेल बदललं, पिंप काढून दोरी चारपाचदा ओढली. खालून पाणी भळभळा आलं, मग थेंब थेंब. प्रत्येक काम झालं की खिशातल्या वहीत टिक करत होता. मी नुसती बघत होते. त्याला करू द्यायचं असं मी ठरवलं होतं, आणि खरं सांगते, तोंड गप्प ठेवायला मला फार त्रास झाला.

"आता हे उभंच ठेवायचं," तो म्हणाला. "पाणी आपलं आपण निथळतं. इथला शत्रू पाणी आहे, सुमे."

"शत्रू मीठ असतं," मी म्हटलं. "दहा मिनिटांत मीठ जातं होय?"

"तुझ्याकडे मीठ. इथे पाणी."

डॉक्टरांनी मशीनबद्दल बोलावं आणि आम्ही ऐकावं! मी मान डोलावली आणि सोडून दिलं.

रात्रीच्या जेवणाला ग्वेनबाईंनी मटण, बटाटा आणि लीक नावाच्या जाड्या कांद्याच्या पातीचं रस्सेदार कालवण केलं होतं. पोटाला छान, जिभेला काही नाही. दादाने कोटाच्या आतल्या खिशातून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. ग्वेनबाई हसल्या आणि त्यांनी स्वतःची ताटली पुढे केली. त्यांना सवय होती.

शुक्रवार

इथे येतो माझा गुन्हा.

दुपारी जेवून दादा झोपला. माझं लक्ष त्या मशीनकडेच. त्याच्या कोटातून चावी घेतली आणि गेले. बघते तर मानेच्या बेचक्यात मिठाची पांढरी पुटं तशीच! म्हटलं, हे बघा, बोलले होते की नाही. आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी होड्या किनाऱ्यावर ओढून पावसाळ्यासाठी शाकारल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत मशीनं बंद. आधी प्रत्येक मशीनला अर्धा अर्धा तास गोडं पाणी पाजायचं. मग आडवं निजवायचं, कारण उभं ठेवलं आणि वादळवाऱ्यात कोसळलं की दांडा वाकलाच. आणि शेवटी सगळी भोकं चिंध्यांनी घट्ट बुजवायची, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि पौर्णिमेला पाणी बाहेर येण्याची वाट बंद. कित्येक मशीनं मी त्या माशीपायी खोललीत. हे काम माझ्या हातात इतकं बसलंय की विचार करायला लागतच नाही. तोच घोटाळा झाला.

ग्वेनबाईंच्या नळाची नळी लावून मी मशीनला पोटभर पाणी पाजलं. मीठ धुतलं, पुसून लख्ख केलं. शेडमध्ये जुना गालिचा पडला होता, त्यावर मशीन आडवं निजवलं, बाळाला निजवावं तसं. दोन्ही भोकांत तिथल्याच फडक्याचे बोळे कोंबले, आणि वरून ताडपत्री घातली. अंगणातल्या दोरीवर माझा धुतलेला परकर आणि टॉवेल वाळत घातला आणि चावी परत कोटात ठेवली. दादाला सांगितलं नाही. त्याला वाईट वाटेल की बहिणीने आपलं काम पुन्हा केलं, म्हणून. माझा हेतू चांगला होता हो!

शनिवार

सकाळी उठून बघते तर दोरीवरचा परकर पापडासारखा ताठ! काढायला गेले तर वाकेना, कडकड वाजतो. मी तो दोन्ही हातांत धरून पाटीसारखा घरात आणला आणि स्वयंपाकघरात उभा करून ठेवला. राहिला की उभा! ग्वेनबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मी मुलीला फोटो पाठवला. सगळं गाव पांढरं, अंगणातल्या बादलीत जाड बर्फ. आणि एवढं डोळ्यांनी बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यावरून ओळखा.

दिवस मात्र सोन्यासारखा गेला. खाडीवर लाकडाचा एक लांबच लांब पूल आहे, एका बाजूने रेल्वे, एका बाजूने माणसं. आम्ही हळूहळू अर्ध्यापर्यंत चाललो. खालून ओहोटीचं पाणी, समोर बर्फाचा डोंगर, ऊन असं स्वच्छ की थंडी कानाला कळते, डोळ्याला नाही. मध्येच दादा थांबला.

"निखिलला वाटतं माझं डोकं कामातून चाललंय," तो म्हणाला.

"तुला काय वाटतं?"

"गेल्या वर्षीपर्यंत वाटत नव्हतं. वहीत टिक केलेली होती, सुमे. 'पाणी काढलं', टिक. आणि मशीन पाण्याने भरलेलं. तेव्हापासून मी वहीवरही विश्वास ठेवत नाही आणि स्वतःवरही." मग हसून म्हणाला, "पण ह्या वेळी तू साक्षीदार आहेस."

मी म्हटलं, "आहेच मुळी." नंतर कॅफेत तव्यावर भाजलेल्या, मनुका घातलेल्या गोड चकत्या खाल्ल्या, गरम गरम, वर साखर. दादाने चार खाल्ल्या. वहिनी असती तर दोनवर थांबवला असता.

रविवार

निखिल बर्मिंगहॅमहून सकाळीच आला. बायकोमुलं घरी, एकटाच. पाया पडला, "आत्या, तू बसा ना," म्हणाला, आणि चहा संपताच, "चल बाबा, शेड बघू." ह्यूलाही बोलावलं होतं त्याने. दादाने ऐटीत कोटातून चावी काढली. दोन रात्री कडाक्याच्या गेल्या होत्या.

ताडपत्री उचलली आणि दादा जागच्या जागी थांबला. "हे आडवं कसं?"

ह्यूने वाकून भोकातला बोळा ओढला. निघेना. जोर लावला तेव्हा आला तो दगडासारखा, आणि मागे बोटभर बर्फाची कांडी. ह्यूने डोक्यावरचं झाकण काढलं, खिशातून बॅटरी काढली, बाजूला प्रकाश टाकला. इंजिनाच्या ठोकळ्याला हाताएवढी चीर गेली होती. मला ती चीर त्याच्याआधी दिसली. पाणी गोठलं की फुगतं, हे चौथीच्या पुस्तकात होतं. परकर स्वयंपाकघरात उभा केला होता मी!

"शेडमध्ये अजून कोण आला होता?" निखिलने विचारलं.

"कोणी नाही," दादा म्हणाला. "चावी माझ्याकडेच होती."

"आणि हा रॅग कोण घातला, बाबा?"

दादाने हातमोजा काढला आणि त्या चिरेवरून बोट फिरवलं, पेशंटचं पोट तपासावं तसं. बराच वेळ. मग म्हणाला, "मीच असेन. दुसरं कोण?"

आणि मी गप्प. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ह्यू समोर उभा होता, ज्याला मी दोन दिवस छत्तीस वर्षांच्या गोष्टी ऐकवल्या होत्या. भाचा उभा होता, ज्याला 'मी आहे ना' म्हटलं होतं. माझी जीभ उचललीच नाही. दादाने शेडची चावी निखिलच्या हातात दिली आणि म्हणाला, "विकून टाक होडी. तू सांगशील ते करू." निखिल चिडेल असं वाटलं होतं मला. तो चिडला नाही. त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचेच डोळे भरून आले. चिडला असता तर बरं झालं असतं.

दादा बाहेर जाऊन गाडीत बसला. पंधरावीस मिनिटांनी मी शेजारी जाऊन बसले. त्याच्या मांडीवर वही उघडी. गुरुवारच्या पानावर बोट ठेवून तो एकेक ओळ वाचत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता.

"आईचं माहेरचं नाव आठवतंय," तो म्हणाला. "कॉलेजातला रोल नंबर आठवतोय. पण मशीन आडवं केल्याचं काहीच आठवत नाही गं. बोळे घातल्याचं तर नाहीच नाही. मी पेशंट बघितलेत असे. असंच सुरू होतं. शेवटी बायकोला विचारतात, बाई आपण कोण? माझी तर विचारायलाही उरली नाही."

"दादा, मी केलं."

त्याने वळून बघितलं. त्याला वाटलं मी त्याची समजूत घालतेय. "राहू दे, सुमे."

"राहू दे काय? शुक्रवारी तू झोपलास, मी चावी काढली. नळीने पाणी भरलं, आडवं केलं, बोळे मी घातले. आई शपथ!"

"बोळे? कशासाठी?"

"कुंभारीण घर करते म्हणून."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग काचेतून बाहेर बघितलं. छपरांवर बर्फ, अंगणात बर्फ, पलीकडे बर्फाचा डोंगर.

"कुंभारीण," तो म्हणाला. "इथे? डिसेंबरात?"

"चूक झाली."

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता! हसता हसता खरंच रडायला लागला, आणि मीही. "म्हणजे मी उभं ठेवलं होतं?" "हो रे बाबा, उभं." "पाणी काढलं होतं?" "सगळं काढलं होतंस, मी बघितलं." "म्हणजे मी विसरलो नाही?" त्याने हे तीनदा विचारलं आणि मी तीनदा सांगितलं. मग माझ्या पाठीत धपाटा घातला, मी चौथीत असताना बसला होता तसा, आणि ओरडला, "गाढव! बोलली का नाहीस तिथेच?"

"लाज वाटली."

"तुझ्या लाजेपायी माझी होडी गेली असती!"

बरोबरच होतं.

गाडीचं दार उघडून तो तसाच शेडकडे चालत गेला, शहात्तर वर्षांचा माणूस, बर्फावरून, मफलर खाली लोंबत. मी मागे. निखिल आणि ह्यूसमोर उभं राहून त्याने वही न बघता गुरुवारचं सगळं सांगितलं. पिंप, दहा मिनिटं, पेट्रोलचा नळ, प्लग, तेल, गियर, दोरी, आणि दोरी किती वेळा ओढली तेसुद्धा. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आता हिचं ऐका." मी सांगितलं. कुंभारणीसकट सांगितलं. ह्यूने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, माशी केवढी असते? मी बोट दाखवलं. तो म्हणाला, माझ्या हाताच्या सवयींसकट मला तुमच्या गावी नेऊन सोडलं तर मीसुद्धा एखादं मशीन मारीनच. इतकं सभ्य माणूस मी बघितलं नाही. मशीन मात्र कामातून गेलंय, हेही त्याने सांगितलं. मी म्हटलं, नवीन ठोकळा मी बघते, आमच्या बाजारात मिळतो. पत्ता लावलाय, मिळेल.

निखिलने चावी बापाच्या कोटाच्या खिशात टाकली. "बाबा, सॉरी," म्हणाला. "मी फार घाबरला होतो." बापलेकांना तिथेच सोडून मी ग्वेनबाईंकडे परकराची घडी करायला गेले.

परतीच्या वाटेवर दादाने गाडीतून कॉव्हेंट्रीच्या निम्म्या मराठी मंडळाला स्पीकरवर फोन केले आणि प्रत्येकाला सांगितलं की माझ्या मेकॅनिक बहिणीने माझं मशीन फोडलं. माझी इतकी बदनामी इतक्या आनंदाने कुणी केली नसेल. मी एकदाही थांबवलं नाही. घर जवळ आल्यावर त्याने फोन ठेवला आणि म्हणाला, "सुमे, गेलं वर्षभर मी रोज डोळे उघडले की आधी तारीख आणि वार मोठ्याने म्हणतो. बरोबर आला तरच अंथरुणातून उठतो. कुणाला सांगू नकोस."

मी त्याचा हात धरला. लिहिताना त्याला विचारूनच लिहिलंय.

सोमवार

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तेव्हा दादा स्वयंपाकघरात शीळ घालत चहा उकळत होता. अंगावर पायजमा, केस विस्कटलेले.

"सुमे," त्याने विचारलं, "आज वार कोणता गं?"

मी दारातच थांबले. "सोमवार," मी म्हटलं.

"असेल. आज न म्हणताच उठलो," म्हणाला आणि त्याने कपात साखर घातली.